घड्याळ कोणाच्या मनगटावर?

दक्षिण कोरियातील दूरचित्रवाणी मालिकांविषयी आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा त्यांतील प्रेमकथांच्या आणि देखण्या नायकांच्या संदर्भात. साहित्याच्या विद्यार्थ्याने अशा मालिकेकडे संहिता म्हणून पाहावे, तिच्यामागचा इतिहास शोधावा, असे सुचवले तर ते अजूनही काहींना थट्टेचे वाटते. आम्हांलाही वाटत असे. 'नुनी बुशिगे' ही मालिका पाहिल्यानंतर मात्र हा समज सोडून द्यावा लागला. या शब्दांचा अर्थ 'डोळे दिपून जातील असे'. इंग्रजीत ती 'द लाइट इन युअर आइज' या नावाने ओळखली जाते. जेटीबीसी या वाहिनीवर ११ फेब्रुवारी ते १९ मार्च २०१९ या काळात तिचे बारा भाग दाखवले गेले. दिग्दर्शन किम सोक-युन यांचे, लेखन ली नाम-ग्यू आणि किम सू-जिन यांचे.

या मालिकेत एक रहस्य आहे आणि ते न सांगता तिच्याविषयी लिहिणे अशक्य आहे. ज्यांना ती अजून पाहायची आहे त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा आणि नंतर परत यावे.

आम्ही चारसहा जणांनी ती मिळून पाहिली. दहाव्या भागाच्या अखेरीस रहस्य उलगडले तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही. मग आमच्यातल्याच एकाच्या तोंडून निघून गेले, "म्हणजे ती म्हातारीच होती तर!" त्या उद्गारात थोडी निराशा होती, थोडी सुटकाही होती. पुढे बरेच दिवस आम्ही या एका वाक्याचा विचार करीत राहिलो. प्रस्तुत लेख हा त्या विचाराचाच एक भाग आहे.

१

कथानक प्रथम थोडक्यात सांगू. ह्ये-जा ही पंचवीस वर्षांची मुलगी. दूरचित्रवाणीवर निवेदिका व्हावे ही तिची इच्छा, परंतु ते जमेल अशी चिन्हे नाहीत. लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर तिला एक मनगटी घड्याळ सापडलेले असते. त्याचे काटे उलटे फिरवले की काळ मागे जातो. मात्र मागे नेलेल्या काळाची भरपाई तिच्या शरीराला करावी लागते, ते इतरांहून लवकर वाढते. हे लक्षात आल्यावर ती घड्याळ ठेवून देते. पुढे तिचे वडील, जे टॅक्सी चालवतात, अपघातात जातात. ह्ये-जा घड्याळ पुन्हा बाहेर काढते आणि अपघात टळेपर्यंत काळ पुन:पुन्हा मागे फिरवीत राहते. वडील वाचतात, पण पायाने अधू होतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ह्ये-जा आरशात पाहते तो सत्तरी ओलांडलेली एक वृद्धा तिच्याकडे पाहत असते.

तरुण ह्ये-जाची भूमिका हान जी-मिन यांनी केली आहे आणि वृद्ध ह्ये-जाची किम ह्ये-जा यांनी. पात्राचे नाव अभिनेत्रीचेच आहे, हे येथे नमूद करून ठेवू. तिला आवडू लागलेला तरुण म्हणजे ली जुन-हा. त्याला पत्रकार व्हायचे आहे. ही भूमिका नाम जू-ह्योक यांची. ह्ये-जा म्हातारी होते, आणि जुन-हा आपले स्वप्न सोडून वृद्धांना नाचगाण्यात रमवून वस्तू व विमा गळ्यात मारणाऱ्या एका प्रचारकेंद्रात नोकरीला लागतो. अशी केंद्रे कोरियात खरोखर आहेत. मालिकेतील केंद्राच्या नावात 'ह्योजा' हा शब्द आहे. 'ह्योजा' म्हणजे आईवडिलांची सेवा करणारा सुपुत्र. जेथे म्हाताऱ्यांना लुबाडतात त्या जागेला हे नाव देण्यातला उपरोध वेगळा सांगायला नको.

दहा भाग आपण हे सारे खरे मानून पाहतो. म्हाताऱ्या देहात अडकलेल्या तरुणीची धडपड, जिने चढताना लागणारी धाप, ओळख न देता प्रियकरासमोर उभे राहण्यातली घालमेल, हे कधी विनोदी आणि कधी करुण अशा सुरात चालू राहते. दहाव्या भागाच्या शेवटी कळते की घड्याळात जादू नव्हतीच. ह्ये-जा ही अठ्ठ्याहत्तर वर्षांची अल्झायमरग्रस्त स्त्री आहे. प्रचारकेंद्र म्हणजे ती राहते ते शुश्रूषागृह. जिला ती आई समजत होती ती तिची सून, ज्याला वडील समजत होती तो तिचा मुलगा. जुन-हा तिचा नवरा होता आणि तो कित्येक वर्षांपूर्वी गेला आहे. शुश्रूषागृहातल्या तरुण डॉक्टरच्या चेहऱ्यात तिला त्याचा चेहरा दिसत होता.

समीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर आपण दहा भाग एका अविश्वसनीय निवेदिकेच्या हाती होतो. परंतु ही परिभाषा येथे थोडी कमी पडते. अविश्वसनीय निवेदक वाचकापासून काही लपवतो किंवा स्वत:ला फसवतो. ह्ये-जाने सांगितलेले एकही सूत्र खोटे नाही. अपघात झाला होता, पण तो वडिलांचा नव्हे, मुलाचा. पाय गेला होता, पण तोही मुलाचाच. पत्रकार होऊ पाहणारा तरुण होता. घड्याळही होते. तिच्या स्मृतीने घटना जपल्या, त्यांचा क्रम आणि नाती तेवढी बदलली.

२

मुलीने आपले तारुण्य देऊन बापाचा जीव वाचवणे, ही कल्पना कोरियन प्रेक्षकाला नवी नाही. पान्सोरी या कथागायनाच्या परंपरेतील सर्वांत लाडक्या कथांपैकी एक म्हणजे शिम चंगची कथा. आंधळ्या बापाला दृष्टी मिळावी म्हणून तीनशे पोती तांदळाच्या मोबदल्यात ही मुलगी स्वत:ला खलाशांच्या हाती विकते आणि समुद्राला बळी म्हणून जाते. पुढे ती कमळातून परत येते, राणी होते आणि तिला भेटताच बापाचे डोळे उघडतात. समुद्र, मुलीचा त्याग, बाप आणि डोळे ही चारही सूत्रे 'नुनी बुशिगे'मध्ये जागोजाग भेटतात. पहिले दहा भाग शिम चंगच्या कथेचाच आधुनिक अवतार आहेत असे म्हणता येईल.

मराठी वाचकाला येथे पुरू आठवल्यावाचून राहणार नाही. शुक्राचार्यांच्या शापाने जरा आलेल्या ययातीला त्याचा धाकटा मुलगा आपले तारुण्य देतो. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मुळे (१९५९) हे कथानक आपल्या पिढ्यांच्या ओळखीचे झाले. पुरूची गोष्ट आणि शिम चंगची गोष्ट यांत एक साम्य आहे. दोन्हींत देणारा तरुण आहे आणि घेणारा वृद्ध. पितृभक्तीच्या नैतिक व्यवस्थेत ऋणाची दिशा ठरलेली असते. मुलांनी आईबापांना द्यायचे असते.

मालिकेचे रहस्य उलगडते तेव्हा उलटते ती ही दिशा. मुलीने बापासाठी काही केलेले नाही. आईने मुलासाठी आपली सारी वर्षे खर्च केली आहेत, आणि ती वर्षे कुठे गेली हे मुलाला ठाऊक नाही. ह्ये-जाच्या भ्रमात आई ही मुलगी झाली आहे आणि मुलगा बाप. त्यामुळे जे प्रत्यक्षात कधी बोलता आले नाही ते सांगण्यासाठी तिला परंपरेने मान्य केलेले एक रूप मिळते. मुलीने बापासाठी केलेल्या त्यागाची गाणी झाली, आईने मुलासाठी केलेला त्याग मात्र गृहीत धरला गेला. स्मृती गमावत चाललेल्या एका बाईने आपले आयुष्य सांगण्यासाठी लोककथेची चौकट उसनी घ्यावी, ही लेखकांची सूझ आम्हांला मोठी वाटते.

कोरियन भाषेत एक म्हणही आहे, देवपुरुषांचा खेळ पाहण्यात कुऱ्हाडीचा दांडा कुजल्याचे कळत नाही अशा अर्थाची. लाकूडतोड्या डोंगरात जातो, तेथे देवपुरुष पटावरचा खेळ खेळत असतात, तो पाहत उभा राहतो. भानावर येतो तेव्हा कुऱ्हाडीचा दांडा कुजलेला असतो आणि गावात त्याला ओळखणारे कोणी उरलेले नसते. काळ गेला कुठे, हा या म्हणीतला प्रश्न. त्यातला लाकूडतोड्या स्वत:च रमला होता, त्याचा काळ कोणी हिरावून घेतलेला नव्हता. ह्ये-जाच्या बाबतीत असे म्हणता येईल का?

३

याचे उत्तर घड्याळात आहे.

शुश्रूषागृहात चाकांच्या खुर्चीवर बसणारा एक वृद्ध आहे. तो फारसा बोलत नाही. त्याच्या मनगटावर एक घड्याळ आहे आणि भ्रमातली ह्ये-जा सतत त्या घड्याळाच्या मागे असते. ते मिळाले तर काळ परत फिरवता येईल, अशी तिची समजूत. सत्य असे की ते तिच्या नवऱ्याचे घड्याळ आहे. जुन-हा पत्रकार झाला होता. लग्न झाले होते, लहान मूल होते. लष्करी हुकूमशाहीच्या त्या काळात त्याला पकडून नेण्यात आले आणि कोठडीत त्याचा अंत झाला. ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात तो होता त्याच्या मनगटावर ह्ये-जाने आपल्या नवऱ्याचे घड्याळ पाहिले. खुर्चीतला म्हातारा तोच.

मालिका हे सारे थोड्या प्रसंगांत सांगून पुढे जाते. कोरियन प्रेक्षकाला त्याहून अधिक सांगण्याची गरज नसते. आपल्याला मात्र येथे थांबून तो काळ पाहिला पाहिजे, कारण त्याशिवाय घड्याळ ही केवळ कथानकाची एक युक्ती ठरते.

१६ मे १९६१ रोजी जनरल पार्क चुंग-ही यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्यांनी संसद बरखास्त केली आणि 'युशिन' या नावाने ओळखली जाणारी नवी राज्यघटना आणली. युशिन म्हणजे नवजीवन किंवा पुनरुज्जीवन. तिने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक बंद झाली आणि पदावर राहण्याची मुदतही उरली नाही. जानेवारी १९७४ पासून 'आणीबाणीचे आदेश' निघू लागले. पहिल्याच आदेशाने या राज्यघटनेवर टीका करणे हा गुन्हा ठरवला आणि त्याला पंधरा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. मे १९७५ मधील नवव्या आदेशाने तर आदेशावर टीका करण्यालाही बंदी केली. तो डिसेंबर १९७९ पर्यंत लागू होता. दरम्यान, २६ ऑक्टोबर १९७९ रोजी पार्क यांची त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाकडून हत्या झाली होती.

या राजवटीत काळावर सरकारचा ताबा होता, असे शब्दश: म्हणता येते. मध्यरात्रीपासून पहाटे चारपर्यंत संचारबंदी असे. १९४५ मध्ये अमेरिकी लष्करी प्रशासनाने ती सुरू केली होती आणि जानेवारी १९८२ मध्ये ती उठली. म्हणजे छत्तीस वर्षे कोरियन माणसाच्या दिवसातले चार तास त्याचे नव्हते. ह्ये-जाच्या वयाच्या माणसांचे सारे तारुण्य या चार तासांच्या अलीकडे घरी पोचण्याच्या घाईत गेले. १९७३ पासून रस्त्यात तरुणांचे लांब केस कापणे आणि मुलींच्या स्कर्टची लांबी पट्टीने मोजणे हेही पोलिसांच्या कामात समाविष्ट झाले.

पत्रकारांचे काय झाले ते 'तोंगा इल्बो' या दैनिकाच्या उदाहरणावरून समजते. २४ ऑक्टोबर १९७४ रोजी तेथील पत्रकारांनी वृत्तस्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. डिसेंबरपासून मोठ्या जाहिरातदारांनी एकामागून एक जाहिराती काढून घेतल्या. त्यांच्यावर गुप्तचर यंत्रणेचा दबाव होता, हे पुढे सत्यशोधन आयोगाने २००८ मध्ये नमूद केले. पत्राने जाहिरातींच्या जागा कोऱ्या सोडल्या. त्या कोऱ्या जागांत सामान्य वाचक पदरचे पैसे देऊन पाठिंब्याच्या लहान लहान ओळी छापून आणू लागले. मार्च १९७५ मध्ये व्यवस्थापनाने शंभराहून अधिक पत्रकारांना बाहेर काढले.

कोठडीतले मृत्यूही काल्पनिक नाहीत. सोल राष्ट्रीय विद्यापीठातील विधिशाखेचे प्राध्यापक चे जोंग-गिल यांचा ऑक्टोबर १९७३ मध्ये गुप्तचर संस्थेच्या ताब्यात मृत्यू झाला. त्यांनी हेरगिरीची कबुली देऊन उडी मारली, असे तेव्हा सांगण्यात आले. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने २००२ मध्ये हा मृत्यू सार्वजनिक सत्तेच्या बेकायदा वापरामुळे झाल्याचा निष्कर्ष काढला. ८ एप्रिल १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ जणांची फाशी कायम केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती अमलात आणली गेली. 'जनक्रांती पक्षा'चे प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. जानेवारी २००७ मध्ये फेरसुनावणीत हे आठही जण निर्दोष ठरले. निकाल आणि फाशी यांच्यात एक दिवसही गेला नव्हता. फाशी आणि निर्दोषत्व यांच्यात जवळजवळ बत्तीस वर्षे गेली.

आणखी एक नाव येथे घेतले पाहिजे. 'सासांगग्ये' म्हणजे 'विचारविश्व' या मासिकाचे संस्थापक-संपादक जांग जुन-हा यांना १९६२ मध्ये पत्रकारिता व साहित्यासाठीचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. युशिनविरोधी चळवळीत ते अग्रभागी होते. १७ ऑगस्ट १९७५ रोजी डोंगरात त्यांचा मृतदेह सापडला. कडा उतरताना पडून मृत्यू, असे अधिकृतपणे सांगितले गेले. २०१२ मध्ये कबर हलवताना कवटीवर गोल खोक आढळली आणि संशय पुन्हा जागा झाला. मालिकेतील पत्रकाराचेही नाव जुन-हा असावे हा योगायोग असू शकेल. लेखकांच्या मनात काय होते याचा दावा आम्ही करीत नाही. परंतु पत्रकार, जुन-हा हे नाव आणि त्या काळातला मृत्यू हे तिन्ही एकत्र आले की त्या पिढीच्या वाचकाला काय आठवेल, हे उघड आहे.

या पार्श्वभूमीवर घड्याळाकडे पुन्हा पाहावे. भ्रमात ह्ये-जा म्हणते की घड्याळामुळे माझे तारुण्य गेले. डॉक्टरांच्या दृष्टीने हे रोगाचे लक्षण आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र हे जवळजवळ तंतोतंत निवेदन आहे. तिच्या आयुष्यातला काळ एका माणसाने काढून घेतला, आणि तो काढून घेतल्याची खूण त्याच्या मनगटावर आहे. ज्यांची स्मृती शाबूत आहे त्या साऱ्यांना खुर्चीतला म्हातारा हा एक निरुपद्रवी रुग्ण वाटतो. त्याला ओळखते ती फक्त स्मृती गमावलेली बाई.

जुन-हाच्या कथेलाही या उजेडात वेगळा अर्थ येतो. भ्रमातला जुन-हा पत्रकार होत नाही. तो हरतो, भरकटतो, एका फसव्या केंद्रात नोकरी करतो, पण जिवंत राहतो. पाहताना आम्हांला हे २०१० नंतरच्या बेकार कोरियन तरुणाचे चित्र वाटले होते, आणि ते तसे आहेही. त्या तरुणांनी आपल्या देशाला 'हेल जोसोन' म्हणजे नरकतुल्य कोरिया असे नाव दिले होते. पण त्याखाली एका विधवेची इच्छाही आहे. तो पत्रकार झाला नसता तर? तिच्या मनाने चाळीसपन्नास वर्षांनंतर त्याला त्या व्यवसायापासून दूर ठेवले आहे.

४

इतिहासाचा दुसरा धागा घरातला आहे आणि तो अधिक मूक आहे. नवरा गेल्यानंतर ह्ये-जाने मुलाला एकटीने वाढवले. लहानपणीच रस्त्यावरच्या अपघातात त्याचा एक पाय गेला. ती त्याच्याशी कठोरपणे वागली. पडला तर उचलायला धावली नाही, कारण आपल्यामागे त्याला उचलणारे कोणी असणार नाही हे तिला माहीत होते. मुलाला मात्र तिचा कठोरपणा तेवढा आठवतो. आई आणि मुलगा यांच्यात आयुष्यभर एक अंतर राहिले आहे.

शेवटच्या भागात बर्फ पडतो. शुश्रूषागृहाच्या अंगणात ह्ये-जा झाडूने बर्फ बाजूला सारते आहे. मुलगा येतो. ती त्याला ओळखत नाही. तो विचारतो तेव्हा ती सांगते की आपल्या मुलाचा पाय अधू आहे, शाळेत जाताना तो घसरू नये म्हणून रस्ता साफ करते आहे. मुलाला हे माहीत आहे का, असे तो विचारतो. त्याला माहीत नसले तरी चालेल, तो घसरला नाही म्हणजे झाले, अशा अर्थाचे तिचे उत्तर आहे. लहानपणी हिवाळ्यात घरापासूनचा रस्ता नेहमी साफ असे, आणि तो कोण साफ करते याचा आपण कधी विचार केला नाही, हे त्याला त्या क्षणी उमगते. मुलाच्या भूमिकेत आन ने-सांग हे नट आहेत. ते येथे फारसे काही करीत नाहीत, फक्त ऐकतात.

या प्रसंगाला आई-मुलाच्या नात्याचा भावुक प्रसंग म्हणून सोडून देता येईल. आम्हांला तो एका पिढीचा हिशेब वाटतो. १९७० मध्ये कोरियात सरासरी आयुर्मान सुमारे ६२ वर्षे होते, २०१९ मध्ये ते ८३ वर्षांवर गेले. या अर्धशतकात ज्यांनी देश उभा केला त्यांच्या म्हातारपणाची तरतूद मात्र कोणी केली नव्हती. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना १९८८ मध्ये आली आणि शहरांतील स्वयंरोजगारितांपर्यंत ती १९९९ मध्ये पोचली. तोपर्यंत ह्ये-जाच्या पिढीची कमावती वर्षे सरत आली होती. मुले सांभाळतील या भरवशावर त्यांनी बचत मुलांच्या शिक्षणात घातली. मालिका आली त्या सुमारास तेथील वृद्धांमधील सापेक्ष दारिद्र्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्के होते, ओईसीडी देशांतील सर्वांत अधिक. डिसेंबर २०२४ मध्ये ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण तेथील लोकसंख्येच्या एकपंचमांशाहून अधिक झाले.

बर्फाचा रस्ता ज्यांनी साफ केला त्यांना त्याची पावती मिळालेली नाही, आणि ज्यांच्यासाठी केला त्यांना रस्ता नेहमी असाच असतो असे वाटत आले. अंगणातला तो प्रसंग आम्हांला हे सांगतो. त्यासाठी त्याला एकही आकडा द्यावा लागत नाही.

५

किम ह्ये-जा यांच्याविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे लिहिले पाहिजेत, कारण या मालिकेत अभिनेत्रीचा इतिहास हाही संहितेचा भाग झाला आहे. त्यांचा जन्म १९४१ चा. १९८० ते २००२ अशी बावीस वर्षे चाललेल्या 'जनवन इल्गी' म्हणजे 'ग्रामीण दैनंदिनी' या मालिकेत त्यांनी शेतकरी कुटुंबातील आईचे काम केले आणि त्या साऱ्या देशाच्या आई ठरल्या. देश झपाट्याने शहरी होत असताना दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर गावाकडची आई भेटत राहिली.

२००९ मध्ये बोंग जून-हो यांनी 'मदर' या चित्रपटात याच प्रतिमेला भयंकर वळण दिले. तेथे मुलाला वाचवण्यासाठी ही आई कोणत्याही थराला जाते आणि शेवटी वाईट आठवणी पुसून टाकण्यासाठी स्वत:च्या मांडीत सुई टोचून घेऊन नाचू लागते. विसरणे हा त्या आईने स्वत:साठी निवडलेला आश्रय आहे. दहा वर्षांनी त्याच अभिनेत्रीला 'नुनी बुशिगे'मध्ये विसरण्याचा रोग होतो, आणि येथे विसरण्यातूनच लपलेले सारे वर येते. पात्राला अभिनेत्रीचे नाव देण्यामागचा अर्थ आम्ही असा लावतो की ज्या चेहऱ्याला आपण चाळीस वर्षे आई म्हणून पाहिले त्याला एक स्वत:चे नाव आणि पंचविशीतले स्वप्न होते, हे प्रेक्षकाला विसरू द्यायचे नाही. मे २०१९ मध्ये बेक्सांग पुरस्कारांत दूरचित्रवाणी विभागाचा सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला. त्या वेळी त्यांनी भाषणाऐवजी मालिकेच्या शेवटच्या निवेदनातला मजकूर वाचून दाखवला.

६

या मालिकेवर आक्षेप घेता येतात आणि ते घेतले पाहिजेत. पहिला असा की राजकीय अत्याचाराची सारी कथा शेवटच्या दोन भागांत, एका कौटुंबिक शोकाच्या पोटात बसवली आहे. अपराधी म्हणून आपल्यासमोर येतो तो एक थकलेला म्हातारा. ज्या यंत्रणेने त्याला अधिकार दिला ती कोठेच दिसत नाही. तो रडतो, घड्याळ पुढे करतो, आणि आपल्याला त्याचीही दया येते. ज्या कुटुंबांनी निर्दोषत्वाच्या निकालासाठी तीस-तीस वर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजवले त्यांना हा समेट फार स्वस्त वाटू शकतो.

आक्षेपात तथ्य आहे. तरीही आम्हांला असे वाटते की मालिका समेट घडवीत नाही. ती न्यायालयाची जागा घेत नाही. तिने दाखवले आहे ते एवढेच की अत्याचार करणारा आणि ज्याच्यावर तो झाला त्याची विधवा हे दोघे अखेर एकाच शुश्रूषागृहात, एकाच सरकारी विमा योजनेखाली, शेजारी शेजारी येऊन बसतात. कोरियात दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा २००८ मध्ये सुरू झाला. नवव्या आदेशाच्या बळींना भरपाई देण्याचे राज्याचे दायित्व सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये मान्य केले, म्हणजे मालिका संपल्यानंतर तीन वर्षांनी. न्याय आला तोवर साक्षीदार विस्मरणाच्या वयात पोचले होते. मालिकेतले घड्याळ परत करण्याचे दृश्य अपुरे वाटते, कारण ते प्रत्यक्षातही अपुरेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रुग्णाच्या आजाराचा वापर कथानकाला कलाटणी देण्यासाठी करणे योग्य आहे का? कोरियन भाषेत या आजाराला रूढ शब्द आहे 'चिमे', आणि तो लिहिला जातो त्या दोन्ही चिनी चिन्हांचा अर्थ मूर्ख किंवा मंद असा होतो. जपानने २००४ मध्ये असाच शब्द बदलला. ज्या भाषेत आजाराचे नावच अवहेलना करते त्या भाषेत रुग्णाला दहा भाग निवेदकाचे स्थान देणे, तिच्या डोळ्यांनी जग दाखवणे, याला आम्ही युक्ती म्हणणार नाही. रुग्णाविषयी इतर माणसे काय म्हणतात हे सांगणाऱ्या कथा पुष्कळ आहेत. येथे आपण तिच्या आत होतो आणि आपल्याला तिचे म्हणणे सुसंगत वाटत होते.

७

आता सुरुवातीच्या त्या उद्गाराकडे वळू. "म्हणजे ती म्हातारीच होती तर!"

दहा भाग आम्ही किम ह्ये-जा यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे अतीव ममतेने पाहत होतो. त्या गुडघे धरून उठल्या की आम्हांला हळहळ वाटे. जुन-हा त्यांना न ओळखता निघून गेला की आमचा जीव कासावीस होई. हे सारे आम्ही कोणाला देत होतो? पंचवीस वर्षांच्या मुलीला. तिच्यावर अन्याय झाला आहे, ती चुकून या देहात आली आहे, असे आम्हांला सांगण्यात आले होते. ती चूक नाही, तो देह तिचाच आहे, असे कळताच आमच्यातल्या एकाला हायसे वाटले. जणू म्हाताऱ्या माणसाने म्हातारे असणे यात अन्याय तो काय? बाकीच्यांनी ते बोलून दाखवले नाही एवढेच. आमच्या सहानुभूतीला एक वयोमर्यादा होती आणि ती आम्हांला ठाऊक नव्हती.

मालिकेने केलेली फसवणूक ही अशी हिशेबी आहे. एका वृद्ध स्त्रीकडे तरुण नायिकेकडे पाहावे तसे पाहायला तिने आम्हांला दहा भाग भाग पाडले आणि नंतर विचारले की आता नजर का हलली? शेवटच्या दोन भागांत पाहण्यासारखे जे आहे ते हे, की चेहरा तोच राहतो आणि आता आपल्याला कोणत्याही जादूच्या आधाराशिवाय त्याच्याकडे तसेच पाहायचे असते. तिला विचारले जाते की आयुष्यात सर्वांत सुखाचा दिवस कोणता. तिला आठवते ते एखादे यश किंवा लग्नाचा सोहळा नव्हे, तर एक साधी संध्याकाळ. घराघरांतून जेवणाचा वास येतो आहे, चालायला शिकलेल्या मुलाचा हात धरून ती कामावरून परतणाऱ्या नवऱ्याला आणायला निघाली आहे आणि तिघे मिळून मावळता सूर्य पाहत आहेत. डोळे दिपवणारा उजेड तो हाच. तो पंचविशीचा नाही, तारुण्याचाही नाही. ती संध्याकाळ कोणी तरी पुढे बळाने थांबवली, म्हणून ती एवढी झगझगीत राहिली आहे.

शिक्षकमित्रांना आमची एक सूचना आहे. कथनतंत्र शिकवताना ही मालिका विद्यार्थ्यांना दोनदा दाखवावी. दुसऱ्या वेळी त्यांना फक्त खुर्चीतल्या म्हाताऱ्याच्या हाताकडे पाहायला सांगावे. पहिल्या वेळी आम्हांला वाटले होते की तो हात या गोष्टीत उगीचच पुन:पुन्हा येतो आहे.